रिमोट लॉगिन पुन्हा अडकलं? आधी एररमधली ‘लोकेशन’ची ओळ वाचा

दोन सॅप सिस्टिम (कंपन्यांचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) आणि मध्ये सॅपराउटर, म्हणजे त्यांची जोडणी पुढे नेणारा सॅपचा मध्यस्थ प्रोग्राम, एवढी मांडणी असली की तक्रार साधारण दोनच प्रकारची येते. पहिली: “एसएम५९मध्ये (दुसऱ्या सिस्टिमशी जोडणी ठरवायची सॅपची स्क्रीन) कनेक्शन टेस्ट पास होते, पण रिमोट लॉगिनचं बटण दाबलं की काहीच घडत नाही.” दुसरी: “मागच्या आठवड्यात नेटवर्कवाल्यांनी पोर्ट उघडून दिलं, चाललं. आज पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.”

दुसरी तक्रार जास्त छळते. प्रत्येक वेळी कोणीतरी काहीतरी बदलतं, योगायोगाने जोडणी होते आणि तिकीट बंद होतं. मूळ कारण होतं तिथेच राहतं. असं होतं कारण एरर जिथे दिसतो तिथे दुरुस्ती केली जाते आणि तो जिथे जन्मला तिकडे कोणी फिरकत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गंमत म्हणजे आग कुठे लागली आहे हे सॅपच्या एररमध्ये लिहिलेलं असतं, फक्त लोक पहिली ओळ वाचून थांबतात.

रस्ता नेमका कसा आहे

सॅप जीयूआयने, म्हणजे तुमच्या संगणकावरच्या सॅपच्या खिडकीने, लॉगिन करणं आणि एसएम५९मधून रिमोट लॉगिन करणं या दोन गोष्टी सारख्या दिसतात, पण त्यांचे रस्ते वेगळे आहेत. जीयूआय थेट डिस्पॅचरकडे, म्हणजे वापरकर्त्यांची कामं वाटून देणाऱ्या प्रोसेसकडे, जातो. त्याचं पोर्ट ३२ आणि पुढे इन्स्टन्सचा (सर्व्हरवर चालणाऱ्या सॅपच्या एका संचाचा) नंबर, म्हणजे ०० असेल तर ३२००. एसएम५९मधलं एबॅप कनेक्शन (सॅप ते सॅप जोडणी) मात्र आरएफसीने, म्हणजे एका सिस्टिमने दुसरीतलं फंक्शन बोलवायच्या पद्धतीने, गेटवे या प्रोसेसकडे जातं आणि त्याचं पोर्ट ३३ आणि पुढे तोच नंबर, इथे ३३००. रिमोट लॉगिनमध्ये समोरच्या सिस्टिमची स्क्रीन या आरएफसी जोडणीवरूनच तुमच्या खिडकीत येते. त्यामुळे “माझ्या लॅपटॉपवरून त्या सिस्टिममध्ये लॉगिन होतंय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे” हे वाक्य इथे निरुपयोगी आहे. तुमचा लॅपटॉप वेगळ्या दाराने गेला. शिवाय निघाला तो तुमच्या टेबलावरून. आरएफसी निघते ती ॲप्लिकेशन सर्व्हरवरून.

लोड बॅलन्सिंग चालू असेल तर आधी कोणत्या सर्व्हरकडे जायचं ते सांगणारा मेसेज सर्व्हर, पोर्ट ३६ आणि पुढे दोन आकडे. हे दोन आकडे बहुतेक वेळा मध्यवर्ती सर्व्हिसेसच्या इन्स्टन्सचे असतात. ॲप्लिकेशन इन्स्टन्स ०० आहे म्हणून मेसेज सर्व्हर ३६०० वरच असेल असं गृहीत धरू नका.

मधला सॅपराउटर स्वतः ३२९९ वर ऐकतो. एसएम५९मध्ये लक्ष्य होस्टच्या जागी जी साखळी लिहितो ती अशी: /एच/राउटर-होस्ट/एस/३२९९/एच/लक्ष्य-होस्ट. डिफॉल्ट पोर्ट असेल तर मधला एसचा (पोर्टचा) भाग गाळला तरी चालतं. राउटरच्या परवानग्यांच्या तक्त्यातल्या नोंदीत पासवर्ड असेल तर डब्ल्यूचा भाग जोडावा लागतो.

या साखळीतली एक गोष्ट बऱ्याच अनुभवी लोकांच्याही ध्यानात राहत नाही. पहिल्या राउटरचं नाव तुमचा सर्व्हर शोधतो. त्याच्या पुढचं नाव राउटरचं मशीन शोधतं. म्हणजे लक्ष्य होस्टचं नाव तुमच्या सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये कितीही सुबक लिहून ठेवलंत तरी राउटरला त्याचा काही उपयोग नाही. ते राउटरच्या मशीनवर सुटायला हवं. सर्व्हिसच्या नावाचंही तेच: ‘सॅपजीडब्ल्यू००’ म्हणजे ३३०० हे राउटरच्या सर्व्हिसेस फाइललाही माहीत असलं पाहिजे.

आणखी एक: सॅपराउटर हा तारेसारखा आरपार नसतो. तो इकडची टीसीपी जोडणी स्वतःकडे संपवतो आणि पलीकडे नवी जोडणी उघडतो. म्हणून फायरवॉलचे नियमही दोन लागतात, तुमच्या सर्व्हरपासून राउटरपर्यंत एक आणि राउटरपासून लक्ष्यापर्यंत दुसरा. तुमच्या सर्व्हरवरून थेट लक्ष्याच्या ३३०० वर टेलनेट करून “जात नाही” असं सांगणाऱ्या माणसाने काहीच सिद्ध केलेलं नसतं. ते जायला नकोच आहे, म्हणून तर राउटर बसवला.

बोलतंय कोण?

एसएम५९मध्ये टेस्ट फसली की एररच्या तपशिलात काही ओळींचा एक ठोकळा येतो. त्यात एरर, टाइम, रिलीज, कॉम्पोनंट, रिटर्न कोड, मॉड्यूल, लाइन अशा नोंदी असतात आणि त्यांच्यासोबत लोकेशन असतं. सगळे ‘एरर’ वाचतात. मी आधी ‘लोकेशन’ वाचतो. कारण ‘पार्टनर नॉट रीच्ड’ हे एकच वाक्य तीन वेगवेगळी तोंडं बोलू शकतात आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा.

लोकेशनमध्ये ‘सीपीआयसी ऑन लोकल होस्ट’ असं असेल तर तक्रार तुमचा स्वतःचा सर्व्हर करतोय. तो राउटरपर्यंतसुद्धा पोचला नाही. लक्ष्य सिस्टिम, तिचा गेटवे, राउटरचा तक्ता, सगळं बाजूला ठेवा. राउटर चालू आहे का, त्याचं नाव या सर्व्हरला सुटतंय का आणि सर्व्हर ते राउटर फायरवॉल उघडी आहे का, एवढंच पाहा. तपासणीही त्याच सर्व्हरवर बसून करा.

लोकेशनमध्ये ‘सॅपराउटर’ आणि राउटरच्या होस्टचं नाव असेल तर पहिला टप्पा सुखरूप पार झालाय. आता राउटर काय म्हणतोय ते बघायचं. ‘होस्टनेम अननोन’ म्हणत असेल तर वर सांगितलेली नावाची भानगड. ‘पार्टनर नॉट रीच्ड’ म्हणत असेल तर दुसरा टप्पा, म्हणजे राउटर ते गेटवे, तुटलेला आहे. आणि ‘रूट परमिशन डिनाइड’ असेल, रिटर्न कोड उणे ९४, तर रस्ता आहे पण राउटरने परवानगी नाकारली.

उणे ९४ हा खरं तर सगळ्यांत प्रेमळ एरर आहे. त्याच्या कंसात तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: कुठून, कुठे, कोणत्या सर्व्हिसवर. हे त्रिकूट राउटरला जसं दिसलं तसं आहे, तुम्हाला वाटतं तसं नाही. ते जसंच्या तसं उचला आणि सॅपराउटटॅब फाइलशी, म्हणजे राउटरच्या परवानग्यांच्या तक्त्याशी, ताडून पाहा. बहुतेक वेळा ‘कुठून’मध्ये अनोळखी आयपी दिसतो, कारण मध्ये कुठेतरी पत्ता बदलणारी नॅट बसली आहे आणि तक्त्यात मात्र सर्व्हरचा मूळ आयपी आहे. कधी ‘सर्व्हिस’मध्ये ३३०० दिसतं आणि तक्त्यात फक्त ३२०० ची परवानगी असते. जीयूआय चालतो, आरएफसी चालत नाही, त्याचं हे नेहमीचं कारण.

हा तक्ता वरून खाली वाचला जातो आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते. खाली कितीही नेमकी ‘पी’ची (परवानगीची) ओळ लिहा, वर कोणी ढोबळ ‘डी’ची (नकाराची) ओळ ठेवली असेल तर नकारच मिळणार. काहीच जुळलं नाही तरी नकार. फाइल बदलली की राउटरला ‘-एन’ पर्यायाने ती पुन्हा वाचायला लावावी लागते, नाहीतर तो जुन्याच तक्त्यावर चालत राहतो. या एका गोष्टीने मी एकदा पूर्ण दुपार घालवली आहे. फाइल बरोबर, ओळ बरोबर, राउटर ढिम्म. शेवटी कळलं की राउटर सुरू करताना वेगळ्याच डिरेक्टरीतली फाइल दिली होती आणि मी मन लावून दुसरीच फाइल दुरुस्त करत होतो. तेव्हापासून राउटर कोणत्या पर्यायांनी चालू आहे हे प्रोसेसच्या यादीत आधी पाहतो.

तिसरी शक्यता, लोकेशनमध्ये ‘सॅप-गेटवे’ आणि लक्ष्य होस्टचं नाव. मग नेटवर्कवाल्यांचा फोन ठेवून द्या. जोडणी घरात पोचली आहे. आता समोरच्या सिस्टिमच्या एसएमजीडब्ल्यूमध्ये (गेटवेवर नजर ठेवायची स्क्रीन) आणि गेटवेच्या ट्रेस फाइलमध्ये बघायचं. मात्र नाव लक्ष्य होस्टचंच आहे याची खात्री करा, कारण गेटवे तुमच्याकडेही असतो.

नकार आणि शांतता

‘पार्टनर नॉट रीच्ड’च्या पोटात ऑपरेटिंग सिस्टिमचा एक आकडा असतो. लिनक्सवर १११ म्हणजे नकार, ११० म्हणजे वेळ संपली. विंडोजवर हेच १००६१ आणि १००६०, एआयएक्सवर ७९ आणि ७८.

नकार मिळाला याचा अर्थ मशीनपर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. गेटवे बंद आहे, राउटर बंद आहे किंवा इन्स्टन्स नंबर चुकलाय. काही फायरवॉलही असा चटकन नकार देतात, पण ते कमी. वेळ संपली याचा अर्थ पॅकेट कुठेतरी गुपचूप गिळलं गेलं आणि हे जवळपास नेहमी फायरवॉलचं किंवा परतीच्या रूटिंगचं काम असतं. ‘पिंग जातंय’ हा युक्तिवाद दोन्ही वेळी बाद. पिंग वेगळा प्रोटोकॉल आहे, तो पोर्टबद्दल काही सांगत नाही.

टप्पे वेगळे करून तपासायला सॅपचं निपिंग हे साधन उत्तम. समोरच्या मशीनवर ते सर्व्हर म्हणून चालवायचं, ते ३२९८ वर ऐकतं. इकडून क्लायंट म्हणून संपूर्ण राउटर साखळी देऊन जोडायचं. त्यासाठी राउटरच्या तक्त्यात आणि दुसऱ्या टप्प्याच्या फायरवॉलमध्ये ३२९८ ची परवानगी लागते, हे विसरलं की तपासणीच फसते आणि आपण नवीनच प्रश्न सोडवत बसतो.

एकदा चालतं, एकदा नाही

आता खरा छळवाद. मधूनमधून होणारं अपयश दिसायला लहरी वाटतं, पण त्याचा एक ठरावीक ताल असतो. तो ताल ओळखला की अर्धं काम झालं.

तीनदा टेस्ट केली, दोनदा पास, एकदा नापास. इथे बहुधा तुमच्या बाजूला अनेक ॲप्लिकेशन सर्व्हर आहेत आणि त्यांतला एक राउटरच्या तक्त्यात नाही. लॉगिन करताना तुम्ही कधी या सर्व्हरवर पडता, कधी त्या. बॅकग्राउंड जॉबही जिथे जागा मिळेल तिथे धावतो. एसएम५१मधून (ॲप्लिकेशन सर्व्हरची यादी) एकेका सर्व्हरवर जाऊन तिथून एसएम५९ची टेस्ट करा, पाच मिनिटांत गुन्हेगार सापडतो. नवा ॲप्लिकेशन सर्व्हर जोडल्यानंतरच्या पंधरवड्यात ही तक्रार हमखास येते आणि त्या दोन गोष्टींचा संबंध कोणी लावत नाही. समोरच्या बाजूला लोड बॅलन्सिंग असेल तर याचंच आरशातलं रूप दिसतं: मेसेज सर्व्हर ज्या ज्या सर्व्हरचा पत्ता देऊ शकतो, त्या प्रत्येकाच्या गेटवेला राउटरची परवानगी हवी. एकाला नसेल तर त्याची पाळी आली की जोडणी पडते.

सकाळी पहिला कॉल मरतो, लगेच दुसरा चालतो. ही निष्क्रिय जोडणी. रात्रभर काही वाहिलं नाही, फायरवॉलने आपल्या यादीतून ती जोडणी पुसली आणि दोन्ही टोकांना त्याची खबरही नाही. पहिला कॉल त्या मेलेल्या जोडणीवरून जातो आणि आपटतो. लिनक्सवर १०४, विंडोजवर १००५४ किंवा सॅपच्या नेटवर्क थराचा, म्हणजे एनआयचा, उणे ६ दिसतो. ऑपरेटिंग सिस्टिमचं टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का हे विचारणारी सोय) डिफॉल्टला ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी, पहिली हाक मारतं. बऱ्याच फायरवॉलना एवढा धीर नसतो. हा काळ फायरवॉलच्या मर्यादेच्या बराच आत आणा, आणि तिन्ही मशीनवर आणा. राउटरच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळ्या जोडण्या आहेत, फक्त टोकांवर बदल केलात तरी मधला माणूस झोपलेलाच राहू शकतो. खात्री करायची असेल तर निपिंगला ‘-डी’ने ३६००००० मिलिसेकंद, म्हणजे एक तास, थांबून पुढचं पॅकेट पाठवायला सांगा. मात्र पलीकडचा निपिंग सर्व्हर ‘-आय ०’ देऊन चालवा, नाहीतर तो स्वतःच कंटाळून बंद होतो आणि तुम्ही फायरवॉलला दोष देता.

लॉगिनची स्क्रीन येते, पण मोठी यादी उघडली की सगळं गोठतं. एसएम५९ची टेस्ट इथे नकळत मदत करते: ती लॉगिनची वेळ दाखवते आणि मग ०, १०, २०, ३० केबी पाठवून पाहते. शून्य केबी पार आणि दहा केबीवर अडकलं तर एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर, संशय घ्या. साध्या इथरनेटवर १५०० बाइटचं पॅकेट जातं. व्हीपीएनच्या बोगद्यात आवरणाचं ओझं वाढतं, त्यामुळे जागा कमी. मोठं पॅकेट अडलं की मधल्या उपकरणाने ‘तुकडे कर’ असा निरोप आयसीएमपीने पाठवायचा असतो. कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलं असेल तर तो निरोप पोचतच नाही. तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १४७२ बाइटचं पिंग पाठवा (२८ बाइट हेडर धरून १५०० होतात) आणि जाईपर्यंत आकडा कमी करत या. हे अर्थात आयसीएमपी चालू असलेल्या टप्प्यावरच जमतं. पिंगचा खरा उपयोग या एवढ्याच ठिकाणी.

सर्व्हरला रीबूट दिला की बंद. राउटर सर्व्हिस म्हणून बसवलेलाच नव्हता, कोणीतरी टर्मिनलमधून हाताने सुरू केला होता. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

वर्षातून एकदा, साधारण त्याच दिवसांत बंद. सॅपच्या सपोर्टसाठी उघडलेल्या एसएनसी (सॅपची सुरक्षित, कूटबद्ध) जोडणीत हे होतं, कारण सॅपराउटरचं प्रमाणपत्र एक वर्षाचं असतं. नवं घेतल्यावर राउटर पुन्हा सुरू करावा लागतो. आणि प्रमाणपत्राचं क्रेडेन्शियल ज्या ओएस युजरसाठी तयार केलं, त्याच युजरने राउटर चालला पाहिजे. स्वतःच्या ॲडमिन खात्याने ते तयार करायचं आणि सर्व्हिस मात्र दुसऱ्या खात्याखाली, हा घोळ इतका सर्रास आहे की मी प्रमाणपत्राची तारीख पाहण्याआधी युजर पाहतो.

टेस्ट पास, लॉगिन नापास

आता पहिली तक्रार. कनेक्शन टेस्ट फक्त वाट मोकळी आहे का ते बघते. युजर आणि पासवर्ड चुकीचा असतानाही अनेक सिस्टिमवर ती पास होते. खरी परीक्षा हवी तर एसएम५९च्या मेनूतली ऑथरायझेशन टेस्ट चालवा, ती खरोखर लॉगिन करून पाहते.

ऑथरायझेशन टेस्टही पास आणि तरी रिमोट लॉगिनची खिडकी उघडत नसेल तर समोरच्या सिस्टिममध्ये एसयू०१ (युजरच्या नोंदींची स्क्रीन) उघडून युजरचा प्रकार पाहा. ‘सिस्टिम’ किंवा ‘कम्युनिकेशन’ प्रकारच्या युजरला डायलॉग लॉगिनच नसतं. बटण दाबल्यावर काही न होणं हीच त्याची बरोबर वागणूक आहे. इंटरफेससाठी तो युजर तसाच असायला हवा, त्यामुळे बटण चालावं म्हणून त्याला ‘डायलॉग’ करून ठेवू नका. असा बदल केलेला युजर मी पुढच्या ऑडिटमध्ये पाहिला आहे आणि त्याच्याकडे सगळे अधिकार होते. लोकांना खरंच रिमोट लॉगिन हवं असेल तर त्यासाठी वेगळं डेस्टिनेशन (एसएम५९मधली जोडणीची नोंद) करा आणि त्यात युजर भरूच नका. लॉगिनची स्क्रीन येईल, ज्याने त्याने आपलं नाव टाकावं.

‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा’ येत असेल आणि पासवर्ड बरोबर असल्याची शपथ सगळे घेत असतील तर एक बाजू जुनी आहे का पाहा. नेटवीव्हर ७.०पासून पासवर्डमध्ये लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात आणि लांबी ४० अक्षरांपर्यंत चालते. त्याआधी आठ अक्षरं, सगळी मोठी. सिस्टिम कॉपीनंतरही डेस्टिनेशनमधले साठवलेले पासवर्ड पुन्हा भरावे लागतात, ही पायरी यादीतून सुटते.

आणि तो प्रसिद्ध प्रकार: युजर अनलॉक केला, तासाभरात पुन्हा लॉक. कुठल्यातरी विस्मरणात गेलेल्या डेस्टिनेशनमध्ये जुना पासवर्ड आहे आणि एखादा जॉब तो इमानाने परत परत पाठवतोय. डिफॉल्टला पाच चुकांनंतर युजर लॉक होतो. अनलॉक करत बसण्यापेक्षा समोरच्या सिस्टिमच्या सिक्युरिटी ऑडिट लॉगमध्ये फसलेली लॉगिन कोणत्या टर्मिनलवरून येतात ते काढा. फक्त एक अडचण: राउटरमधून आलेल्या जोडणीचा आयपी तिथे राउटरचा दिसू शकतो. मग त्याच वेळेची नोंद राउटरच्या लॉगमध्ये शोधायची, तिथे मूळ पत्ता मिळतो. त्यासाठी राउटर ‘-जी’ पर्यायाने लॉग लिहीत असला पाहिजे आणि तिन्ही मशीनची घड्याळं जुळलेली हवीत.

घड्याळांवरून आठवलं, ट्रस्टेड आरएफसी (पासवर्डशिवाय, सिस्टिमच्या परस्पर विश्वासावर चालणारी) असेल तर एररमध्ये ट्रस्टेड आरसी म्हणून एक आकडा येतो. ० म्हणजे समोर त्या क्लायंटमध्ये तो युजरच बरोबर नाही. १ म्हणजे सिस्टिमवर विश्वास ठेवलेला नाही, एसएमटी१ (विश्वासातल्या सिस्टिमची यादी) बघा. २ म्हणजे एस_आरएफसीएसीएलचा अधिकार नाही किंवा तुम्ही डीडीआयसी वा सॅप* या सॅपच्या अंगभूत युजरने आला आहात. ३ म्हणजे वेळेचा शिक्का अमान्य, तेव्हा युजर-पासवर्ड सोडा आणि वेळ तपासा.

नेटवर्कवाल्यांना काय पाठवायचं

“आरएफसी चालत नाही” असं लिहू नका. कोणत्या टप्प्यावर, स्रोत आयपी, लक्ष्य आयपी, पोर्ट, नकार की शांतता आणि सेकंदासह वेळ, एवढं लिहा. दुसरा टप्पा तुटलेला असेल तर स्रोत म्हणून राउटरचा आयपी द्या, तुमच्या सर्व्हरचा नको. निम्मी तिकिटं इथेच चुकतात: नियम उघडतो, पण भलत्याच जोडीसाठी.

आणि तपासताना कोणी ‘पी * * *’ ही ओळ तक्त्यात घातली असेल, घातलेली असतेच, तर जोडणी चालू झाली म्हणून तशीच सोडू नका. त्या ओळीने राउटर म्हणजे कोणालाही कुठेही नेणारा रस्ता होतो. एखाद-दोन दिवस लॉग जमू द्या, त्यातून कुठून-कुठे-सर्व्हिस अशी खरी त्रिकुटं काढा, महिनाअखेरीलाच धावणाऱ्या जॉबची त्यात वेगळी भर घाला, त्यांच्या नेमक्या ओळी लिहा आणि ताऱ्यांची ओळ काढून ‘-एन’ द्या. उघड्या असलेल्या जोडण्या तशाच चालू राहतात, नवा तक्ता नव्या जोडण्यांना लागतो. म्हणून परिणाम पाहण्यासाठी एसएम५९मध्ये नव्याने टेस्ट करा, आधीच उघडलेल्या खिडकीत नव्हे.